बाबा वाढून घ्यायला गेले

१

आई गेली आणि वर्षाच्या आत आम्हा तिघा भावंडांचं एकमेकांच्या घरी जाणं-येणं थांबलं. भांडण नेमकं कशावरून झालं ते आता सांगता येत नाही. दादा एक सुरुवात सांगतो, धाकटी दुसरी सांगते, माझी तिसरीच आहे. बाबांना मात्र एकटं ठेवण्यासारखं नव्हतं, म्हणून ते आम्ही वाटून घेतले. एक महिना दादाकडे, एक धाकटीकडे, एक माझ्याकडे.

अडलं ते एवढंच, की त्यांना सोडायचं आणि घ्यायचं कुठे? एकमेकांच्या उंबऱ्याशी जायची कुणाचीच तयारी नव्हती. शेवटी वहिनीनं तोड काढली. महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी सगळ्यांनी हॉटेलात भेटायचं, बुफे जेवायचं, आणि ज्याची पाळी असेल त्यानं बाबांना आणि त्यांच्या बॅगेला घेऊन निघायचं.

तोड खरंच चांगली होती. बुफेत कुणी कुणाला वाढत नाही, आग्रह करत नाही, "भाजी इकडे दे" एवढंही म्हणावं लागत नाही. ज्यानं त्यानं उठावं, आपलं आपण घ्यावं. दादा भाजलेल्या मांसाच्या काउंटरला, वहिनी सॅलडला, धाकटी नूडल्सना, मी सूप आणि पावाला. एका टेबलावर बसून आम्ही चौघं चार देशांचं जेवत होतो. कुणीतरी कायम उठलेलं असायचं, त्यामुळे बोलणं रंगायचा धोका नसायचा.

हॉटेल बरं होतं. तळमजल्यावर मोठी थोरली खोली, पाय रुतेल असा गालिचा, मधोमध एक जाड खांब आणि त्याच्या भोवती गोल फिरणारे काउंटर. स्टीलची झाकणं, त्यांच्या खाली निळ्या ज्योती. गोडाच्या काउंटरच्या पुढे एक सरकतं पार्टिशन होतं. गर्दी झाली तर उघडायचं असावं. आम्ही असताना ते कधी उघडलं नाही.

२

बाबांनी उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासली. निवृत्त झाल्यावर छापील कागद कमी झाला, मग ते आम्हाला तपासू लागले.

हॉटेलात ते आधी रिकाम्या हातानं एक फेरी मारायचे. प्रत्येक झाकणापुढची चिठ्ठी वाचायची, खिशातलं लाल पेन काढायचं. "कॅप्टन, तुमच्या सूपला दीर्घ द्या. ऱ्हस्व सूप घशाखाली उतरत नाही." कॅप्टन हसून "हो सर" म्हणायचा आणि पुढच्या महिन्यात तीच चिठ्ठी तशीच असायची. मग बाबा प्लेटमध्ये चमचाभर हे, चमचाभर ते, असं एकमेकांना न लागता मांडून आणायचे, आणि बसले की आमची पाळी. दादाचं सुटलेलं पोट. वहिनीचे कापलेले केस. धाकटीची सुटलेली नोकरी. माझा सुटलेला नवरा.

"तुझ्या बोलण्यात अनुस्वार फार आणि अर्थ कमी," असं ते मला भरल्या टेबलावर म्हणाले होते. शेजारच्या टेबलावरच्या बाई हसल्या होत्या.

मी दातांच्या कवळ्या बनवते. दवाखाने मापं पाठवतात, मी माझ्या लॅबमध्ये साचे काढते, दात बसवते. बाबांची कवळी मीच केली. त्या कामावर मी जितका जीव लावला तितका कशावरच लावला नसेल. त्यांनी ती घातली, आरशात पाहिलं आणि म्हणाले, "पुढचे दोन किंचित बाहेर आलेत." आले नव्हते.

हे सगळं एवढ्यासाठी सांगते, की त्या रविवारी काय झालं ते कळावं.

३

त्या दिवशी बाबा धाकटीकडून आले होते आणि माझ्याकडे येणार होते. नेहमीसारखी फेरी झाली, चिठ्ठ्या वाचून झाल्या, बसून आमचीही झाडाझडती झाली. धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा ते म्हणाले, "रडायला काय झालं? चूक दाखवली की सुधारायची असते." मग प्लेट उचलून ते पुन्हा वाढून घ्यायला गेले.

बराच वेळ झाला.

"बाबा कुठे राहिले?" धाकटीनं विचारलं. ती नाक पुसत होती.

"भांडत असतील कुणाशी तरी," दादा म्हणाला. "राहू दे. तेवढाच वेळ शांततेत."

वहिनी हसली. मीही हसले. त्यांना बघायला आमच्यातलं कुणी उठलं नाही.

ते आले तेव्हा उलट्या बाजूनं आले. गेले होते सूपच्या दिशेनं, आले गोडाच्या काउंटरकडून. खांबाला वळसा घातला की तिकडूनही येता येतं, त्यात विशेष काही नाही. पण प्लेट गच्च भरलेली होती. नूडल्सवर बटाटे, बटाट्यांवर मांस, आणि सगळ्याखालून रस्सा वाहत प्लेटच्या काठापर्यंत आलेला. ते खुर्ची ओढून बसले आणि खाऊ लागले. आम्ही खाली माना घालून वाट पाहत राहिलो.

"छान आहे," ते म्हणाले.

दादाचा काटा हवेतच थांबला. "काय?"

"सगळंच छान आहे रे." मग त्यांनी वहिनीकडे पाहिलं. "केस कापलेस? शोभतात तुला."

वहिनीचा चेहरा एखाद्या लहान मुलीसारखा झाला. धाकटीच्या पाठीवर त्यांनी हात ठेवला. नुसता ठेवला.

मी त्यांच्याकडे पाहिलं. राखाडी स्वेटर तोच, कोपराला मीच रफू केलेला. चष्मा तोच. चेहराही बाबांचाच. पण आपल्या घरातला माणूस नीट बघायचं आपण कधी सोडून दिलं, ते कुणाला आठवतं? मला त्यांच्या भुवया आठवेनात. अशाच होत्या? इतक्या? लहानपणी मी छापखान्यात पाहिलं होतं, शिशाच्या खिळ्यांचं एखादं पान विस्कटलं की जुळारी ते जसंच्या तसं पुन्हा जुळवायचा. अक्षर न् अक्षर तेच. तरी बाबा ते पान पहिल्यापासून वाचायला घ्यायचे.

मी मात्र मान खाली घातली आणि सूप प्यायले.

४

घरी पोचल्यावर मी कुलूप काढत होते तेव्हा ते मागून म्हणाले, "दमलीस का गं?"

किल्ली माझ्या हातातून पडली. त्यांनी वाकून ती उचलून दिली.

पहिले काही दिवस मी स्वतःलाच समजावत होते. म्हातारपण आहे. आई गेल्याचं दुःख उशिरा उतरलं असेल. डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी सगळं तपासलं आणि म्हणाले, "वय झालं की काहींचा स्वभाव निवळतो. बहुतेकांचा बिघडतो. नशीबवान आहात तुम्ही."

मी सकाळी वर्तमानपत्राशेजारी लाल पेन ठेवायची. ते वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचे आणि घडी घालून ठेवायचे. पेनाचं टोपण निघायचं नाही. एकदा मी मुद्दाम कागदावर 'दुध संपले' असं लिहून फ्रिजला चिकटवलं, 'दु'चा उकार ऱ्हस्व. बाबांनी मला त्या एका उकारासाठी जेवू दिलं नसतं. संध्याकाळी कामावरून आले तर कागद तसाच होता आणि फ्रिजमध्ये दूध होतं.

त्या दुधाचा चहा करून मी कितीतरी वेळ ओट्याशी उभी राहिले. भीती वाटत होती म्हणावं तर तसं नव्हतं. बरं वाटत होतं. त्या बरं वाटण्याचीच भीती वाटत होती.

आणि एक आवाज यायला लागला. ते बोलताना, खाताना, कधी नुसतं हसतानाही. टक्. जरा थांबून पुन्हा टक्. कवळी सैल झाली की येतो तसा. मी कामात हा आवाज शेकडो तोंडांतून ऐकलाय.

ते आंघोळीला गेले तेव्हा मी वाटीतली कवळी उचलून पाहिली. माझीच होती. आतल्या बाजूला मी कोरलेलं बाबांचं आद्याक्षर होतं. पुढचे दोन दात मी बसवले तसेच, सरळ. कवळीत काही बिघाड नव्हता. ती ज्या तोंडासाठी केली होती ते तोंड बदललं होतं.

म्हाताऱ्या माणसाच्या हिरड्या झिजतात, असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटं नाही. पण महिन्याभरात इतक्या झिजत नाहीत.

५

त्याच आठवड्यात दादा आणि वहिनी माझ्या घरी आले. बेल वाजली, दार उघडलं, तर दोघं पिशवी घेऊन उभे. "बाबांना भेटावंसं वाटलं," दादा म्हणाला. माझ्या घराचा सोफा त्यानं पहिल्यांदाच पाहिला. दुसऱ्या दिवशी धाकटी आली, राहिली. आम्ही दोघी स्वयंपाकघरात पहिल्यासारख्या हसलो. आतल्या खोलीतून ते विचारत होते, "काय गं, काय झालं? मलाही सांगा की." टक्.

"ताई, बाबा किती बदललेत," धाकटी म्हणाली.

"हो."

"आईला हे बघायला मिळायला हवं होतं."



ती गेल्यावर मी त्यांना लॅबमध्ये नेलं. म्हटलं, "कवळी सैल झालीय, नवीन माप घेते." ते खुर्चीत बसले आणि सांगायच्या आधीच तोंड उघडलं. मागच्या वेळी माप घेताना बाबांनी मला माझ्याच धंद्यातल्या चुका सांगितल्या होत्या, तोंडात ट्रे असतानाही. हे नुसते माझ्याकडे बघत राहिले. डोळे मिटले नाहीत, उमासा आला नाही. मी ट्रे काढला तेव्हा म्हणाले, "छान हात आहे तुझा."

प्लास्टर ओतलं, वाळू दिलं. मग कपाटातून बाबांचा जुना साचा काढला. कामं झाली की साचे मी फेकून देते. तो एक टाकवला नव्हता.

माणसाच्या टाळूवर पुढच्या बाजूला आडव्या वळ्या असतात. आपण जीभ लावली तर लागतात. बोटांच्या ठशांसारख्या प्रत्येकाच्या वेगळ्या. हिरड्या झिजतात, दात जातात, वळ्या तशाच राहतात. बाबांच्या जुन्या साच्यात त्या ठळक होत्या. डावीकडची एक मधेच फुटून दोन झालेली.

नव्या साच्यात मी फुटलेली वळी शोधत होते. ती नव्हती. दुसरीही नव्हती. कुठलीच नव्हती. टाळू बशीसारखी गुळगुळीत होती.

मापाचा लगदा हलला असेल. हवा अडकली असेल. माझी घाई झाली असेल. असं होतं कधीकधी, मग माप पुन्हा घ्यायचं असतं. मी पुन्हा घेतलं नाही.

त्या दिवशी जेवताना ते हसले की मी त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हते.

६

महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी दोन्ही साचे फडक्यात गुंडाळून पर्समध्ये घातले आणि त्यांना घेऊन हॉटेलात गेले. आता ते दादाकडे जायचे होते. टेबलावर नुसता गलका होता. धाकटीला नवीन काम मिळालं होतं आणि ते तिला तिसऱ्यांदा सगळं सांगायला लावत होते. कुणी वाढून घ्यायला उठतच नव्हतं.

दादा उठला तशी मी त्याच्या मागे गेले. मांसाच्या काउंटरवर आम्ही दोघंच होतो.

"दादा, मला काहीतरी दाखवायचंय."

"बोल."

मी फडकं सोडलं. दोन्ही साचे काउंटरच्या काठावर ठेवले आणि जितकं सोपं करून सांगता येईल तितकं सांगितलं. तो चिमट्यानं एकच तुकडा उलटा-सुलटा करत राहिला.

"म्हणजे तुझं म्हणणं, ते बाबा नाहीत."

"मी काही म्हणत नाही. तू बघ."

"मग कोण आहेत?"

"मला माहीत नाही."

त्यानं साच्यांकडे पाहिलं नाही. "परवा मला त्यांचा फोन आला. विचारत होते, झोप लागते का तुला हल्ली. मी गाडी बाजूला घेतली आणि रडलो. या वयात."

"दादा..."

"ते झाक."

"त्या दिवशी ते त्या बाजूनं आले. तू पण बघितलंस. मग बाबा कुठे..."

"हळू बोल." त्यानं चिमटा खाली ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुला काय वाटतं, तुला एकटीलाच डोळे आहेत?"

झाकणाखालची वाफ आमच्या मधून वर जात होती. मला त्याचा चेहरा दिसत होता, तरी दिसत नव्हता.

"सूप घे," तो म्हणाला. "निवतंय."

आणि प्लेट घेऊन टेबलाकडे गेला.

७

मी साचे पर्समध्ये घातले आणि सूपकडे न जाता खांबाला वळसा घातला. गोडाचा काउंटर आला. तिथे कुणी नव्हतं. पार्टिशनच्या पलीकडून आवाज येत होता, चिनी मातीवर चमचा लागल्याचा. एक नाही, पुष्कळ. पण जेवणाऱ्यांच्या खोलीत जी कुजबुज असते ती नव्हती. नुसते चमचे, आणि गालिच्यावर फरफटणारी पावलं.

"मॅडम, तिकडे बंद आहे," मागून कॅप्टनचा आवाज आला. तो दूर होता, पळत नव्हता. नुसतं सांगत होता.

पार्टिशनला एक माणूस तिरका होऊन जाईल एवढी फट होती. मी गेले.

दिवे नव्हते, इकडचा उजेड थोडा आत पडत होता. टेबलांवर कापडं नव्हती, खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या. आणि मधल्या जागेत माणसं उभी होती, प्लेटा हातात घेऊन. बहुतेक म्हातारी, पण सगळी नाही. शाळेच्या कपड्यांतली एक मुलगीही होती. बुफेत वाढून घेतल्यावर आपण जसे वळतो, आपलं टेबल कुठे म्हणून बघतो, तशी ती सगळी बघत होती. दोन पावलं जायची, थांबायची, वळायची. प्लेटांतलं अन्न वाळून काळं पडलं होतं. चमचे हातांच्या थरथरीनं वाजत होते.

सगळ्यात जवळचा पाठमोरा होता. अंगात नुसता शर्ट, खांद्यांवरून ओघळलेला. प्लेटमध्ये चमचाभर हे, चमचाभर ते, एकमेकांना न लागता मांडलेलं.

तो वळला.

चष्मा नव्हता. तोंड आत गेलेलं, नाक हनुवटीला टेकायला आलेलं. डोळे बारीक करून तो माझ्याकडे बघत होता. मी दिसले की उजेडातली नुसती एक बाई दिसली, मला सांगता येणार नाही. त्यानं तोंड उघडलं. आवाज आला, पण अक्षरं पडली नाहीत. नुसते काने आणि मात्रा.

मला कळलं तरीही. हॉटेलात आलं की बाबा दर वेळी एकदा तरी तेच विचारायचे.

आपलं टेबल कुठलं?

माझ्या मागे, फटीतून, ते दिसत होतं. धाकटी टाळ्या वाजवत हसत होती. वहिनी त्या राखाडी स्वेटरवर सांडलेलं काहीतरी आपल्या रुमालानं पुसत होती. दादाची पाठ होती. मला एवढंच करायचं होतं, की बाजूला सरायचं.

मी तसं करणार होते. खरंच करणार होते. मग मनात आलं, हे येऊन बसतील. सगळ्यांच्या प्लेटा बघतील. धाकटीला विचारतील, कसलं काम, किती दिवस टिकणार? आणि मग मला म्हणतील, एवढा वेळ लागला तुला?

मी हात वर केला आणि खोलीच्या आतल्या बाजूला, जिथे उजेड पोचत नव्हता तिकडे, बोट दाखवलं.

त्यानं बोटाकडे पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे, बराच वेळ. बाबांनी आयुष्यात माझी कुठलीच गोष्ट न तपासता घेतली नव्हती. मी वाट पाहत होते. ओरडतील असं वाटत होतं. ओरडावं असंही वाटत होतं.

त्यानं मान हलवली, आभार मानावेत तशी, आणि प्लेट दोन्ही हातांनी सांभाळत मी दाखवलं तिकडे चालू लागला. वाटेतली माणसं बाजूला झाली. शर्टाची पांढरी पाठ थोडा वेळ दिसत राहिली.

मी बाहेर आले. कॅप्टननं मला वाट दिली आणि मागे पार्टिशन ओढून घेतलं. 

टेबलाशी पोचले तेव्हा माझे हात रिकामे होते. कुणाच्या लक्षात आलं नाही. धाकटीची गोष्ट अजून चालूच होती आणि ते मान डोलावत ऐकत होते. मी माझ्या खुर्चीत बसले. समोर सरळ रेषेत गोडाचा काउंटर होता आणि त्याच्या मागे पार्टिशन. मी तिकडेच बघत राहिले.

दादा उठला. टेबलाला वळसा घालून माझ्याजवळ आला.

"तू माझ्या जागेवर बस," तो हळूच म्हणाला. "तिथून दिसत नाही."